लुइझियानाच्या दलदलीत गाइडबरोबर अ‍ॅलिगेटरची शिकार: परवान्यापासून पातेल्यापर्यंत

लुइझियानातल्या दलदलीत बोटीतून फेरफटका मारून, मार्शमॅलोसाठी बोटीपाशी येणाऱ्या अ‍ॅलिगेटरचे फोटो काढून परतलेली मराठी माणसं ह्यूस्टनकडे पुष्कळ भेटतात. त्यातले काहीजण नंतर हळूच विचारतात, "सप्टेंबरात तिकडे खरी शिकार असते म्हणे. आपल्याला जाता येतं का?" जाता येतं. मी सप्टेंबरात जातो, आणि नव्याने जाणाऱ्याला जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या शिकारीत लोक नेमबाजीचा फार विचार करतात, पण नेम ही शेवटची आणि सगळ्यात छोटी पायरी आहे. उद्या सकाळी कोणता प्राणी मरणार हे आदल्या दिवशी ठरतं. गळ कुठल्या पाण्यात लावला आणि आमिष पाण्यापासून किती उंच टांगलं, यावर ते ठरतं. गळाला लागलेला अ‍ॅलिगेटर "लहान निघाला" म्हणून दोर कापून सोडायचा आणि मोठ्याची वाट बघायची, याला लुइझियानाच्या नियमांत परवानगी नाही. जो लागला तो तुमचा. म्हणून निवड आधी करायची असते, आणि ती शांत डोक्याने करायची असते.

ही शिकार चालते तरी कशी

सांगलीला कृष्णेच्या काठी किंवा चिपळूणला वाशिष्ठीत मगर बघितलेल्या माणसाला शिकार हा शब्दच खटकेल, आणि ते बरोबर आहे. आपली मगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. तिला हात लावणं गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. अमेरिकी अ‍ॅलिगेटरची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. कातड्यासाठी बेसुमार मारल्यामुळे लुइझियानाने १९६२ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. १९६७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. दहा वर्षांच्या बंदीनंतर १९७२ मध्ये एकट्या कॅमेरॉन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिकडचा जिल्हा) मोजूनमापून शिकार सुरू झाली आणि १९८१ मध्ये ती राज्यभर लागू झाली. १९८७ मध्ये प्राणी पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. आज लुइझियानाच्या रानात सुमारे २० लाख अ‍ॅलिगेटर आहेत.

यामागचं गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. किनारपट्टीची सुमारे ८० टक्के पाणथळ जमीन खाजगी मालकीची आहे. राज्याचा वन्यजीव आणि मत्स्य विभाग त्या जमिनीचा प्रकार, तिथली घरटी आणि पाहणीतले आकडे बघून मालकाला ठरावीक टॅग, म्हणजे मारलेल्या प्राण्याच्या शेपटीत ओवायचे क्रमांकाचे बिल्ले, देतो. एक टॅग, एक प्राणी. तो टॅग त्याच जमिनीवर वापरायचा. मालकाला दलदलीतून उत्पन्न मिळतं, म्हणून तो ती बुजवत नाही आणि चोरट्या शिकाऱ्याला आत येऊ देत नाही. दलदल राहिली की बगळे, बदकं, कोळंबी, सगळंच राहतं.

हंगाम सप्टेंबरच्या आसपास ठेवण्यामागेही अभ्यास आहे. ग्रँड शेनियर इथल्या रॉकफेलर अभयारण्यात टेड जोआनेन आणि लॅरी मॅकनीज या जीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अ‍ॅलिगेटरांच्या हालचालींचा मागोवा घेतला. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अंडी फुटतात. तेव्हा माद्या आतल्या उथळ, गवताळ भागात घरट्यांपाशी आणि पिल्लांपाशी असतात. मोठे नर खोल, मोकळ्या पाण्यात असतात. कालव्यात आणि बायूत, म्हणजे तिकडच्या संथ ओढ्यांमध्ये, गळ लावला की बहुतेक नर लागतात. प्रजनन करणाऱ्या माद्या वाचाव्यात म्हणूनच हा काळ आहे. गाइड तुम्हाला आत उथळात, घरट्याच्या बाजूला न्यायला लागला तर "इथे का?" असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तारखा, परवाना आणि व्हिसाचा मुद्दा

राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग आहेत. पूर्व विभागाचा हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी आणि पश्चिमेचा सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी सुरू होतो. दोन्ही ६० दिवस चालतात. कागदावर ६० दिवस असले तरी पहिले दोन आठवडे सर्वात चांगले. अ‍ॅलिगेटर थंड रक्ताचा प्राणी आहे. हवा गार झाली की त्याची भूक मंदावते आणि आमिष दिवसेंदिवस तसंच लटकत राहतं. दुसरीकडे, हाच काळ चक्रीवादळांच्या ऐन भराचा. २७ ऑगस्ट २०२० ला लॉरा कॅमेरॉनवर आलं, २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा पोर्ट फूशॉनपाशी धडकलं. म्हणून विमानाचं तिकीट आणि हॉटेल रद्द करता येण्यासारखंच घ्या. ह्यूस्टनहून लफायेटपर्यंत गाडीने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. गाडीने जाणाऱ्याला तारीख बदलणं सोपं जातं.

राज्याबाहेरच्या माणसाला 'अ‍ॅलिगेटर स्पोर्ट हंटर' हा परवाना लागतो आणि तो असला तरी टॅगधारक परवानाधारक शिकाऱ्याबरोबरच जावं लागतं. सार्वजनिक जमिनींवरच्या टॅगांची सोडत निघते, पण ती लुइझियानाच्या रहिवाशांसाठी. म्हणजे बाहेरच्या माणसाला गाइड हाच रस्ता आहे. परवाना वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने काढा, छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एच-१बी, एल-१, एफ-१, पर्यटक व्हिसा अशा कुठल्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत त्यात एक असा, की अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला वैध शिकारपरवाना तुमच्याजवळ असावा. त्यामुळे परवाना हातात येण्याआधी बंदुकीला हात लावू नका. गाइडच्या अंगणात डब्यावर नेम धरून बघायलासुद्धा नाही. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. ज्यांचं व्हिसाचं काही प्रकरण अधांतरी आहे, त्यांनी निघण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला एक फोन करावा. शिकारीची हौस पुढच्या वर्षीही भागेल.

बंदूक कधीच हाताळली नसेल तर आधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करा आणि जवळच्या रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली थोडा सराव करा. इथे लांबून नेम साधायचा नसतो, पण हलत्या बोटीत, घाईच्या क्षणी नळी कुठे रोखलेली आहे याचं भान हातात मुरलेलं असावं लागतं.

गाइड कसा निवडायचा

यावर वेळ घालवा. फोनवर बोला, ईमेलवर माणूस कळत नाही.

टॅग कोणाचे, कोणत्या जमिनीचे आणि तुमच्या तारखेला शिल्लक राहतील का, हे आधी विचारा. चांगला गाइड जमिनीचं नाव सांगतो, किती पाहुण्यांना किती टॅग राखले आहेत तेही सांगतो. "बघू, मिळेल कुठेतरी" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. भलत्या जमिनीवर वापरलेला टॅग हा तुमच्याही अंगाशी येणारा गुन्हा आहे.

मग पैशांचं. काहीजण एकच रक्कम सांगतात, काही फुटाप्रमाणे दर लावतात, आणि काही मूळ रकमेवर दहा-अकरा फुटांच्या पुढे जादा आकार घेतात. गळाला काय लागेल ते आधी कळत नाही आणि लागलेलं सोडता येत नाही, म्हणून फुटाप्रमाणे दर असेल तर सगळ्यात मोठ्या आकाराचा हिशेब डोक्यात ठेवूनच होकार द्या. टॅगची किंमत, सोलणं, मांस कापून बांधणं, कातड्याला मीठ लावणं, बर्फ यातलं काय धरलेलं आहे आणि काय नाही, ते लेखी घ्या. वादळामुळे शिकार रद्द झाली तर आगाऊ रकमेचं काय, हेही.

तिसरं, सुरक्षितता. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बोटचालकाला नौकानयनाच्या पाण्यात तटरक्षक दलाचं लायसन्स लागतं. ते विचारायला संकोच करू नका. बोटीत लाइफ जॅकेट किती, प्रथमोपचाराची पेटी आहे का, फोनची रेंज जाते तिथे संपर्काची काय सोय, किती माणसं बसवणार. माझ्या मते दोन पाहुणे आणि गाइडसोबत एक मदतनीस यापेक्षा जास्त गर्दी असलेल्या बोटीत जाऊ नये. ओढाताणीच्या वेळी प्रत्येकाला मागे सरकायला जागा लागते.

आणि पद्धत. लुइझियानात गळ-दोर, दोरी बांधलेला काटेरी बाण आणि शॉटगन सोडून इतर बंदूक चालते. काही गाइड पाण्यात दिसलेल्या अ‍ॅलिगेटरवर लांबून रायफलने गोळी झाडू देतात. आकार बघून निवडता येतो हा त्याचा फायदा. पण मेलेला अ‍ॅलिगेटर बुडतो. मग वजन लावलेले तीनकाट्याचे गळ टाकून गढूळ पाण्यात तो शोधत बसावं लागतं, आणि जखमी होऊन निसटला तर तो जनावराचा छळ असतो. मी गळ-दोराच्या बाजूचा आहे. आधी दोर पक्का, मग गोळी.

सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ कायदेशीर आहे. टीव्हीवर दिसणारी टॉर्चच्या उजेडातली रात्रीची शिकार फ्लोरिडासारख्या राज्यांतली. तिथले नियम वेगळे, हत्यारंही वेगळी.

बरोबर काय न्यायचं

गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, लांब पँट, काठाची टोपी. पाण्याखालचं दिसावं म्हणून पोलराइज्ड गॉगल. डीटवालं डासांचं औषध. कानात घालायचे बोळे, कारण छोट्या बंदुकीचा आवाजही बोटीत जवळून होतो. जाड हातमोजे बहुधा गाइड देतो, तरी विचारा.

उष्णतेला कमी लेखू नका. पारा पस्तिशीत आणि हवेत इतकी आर्द्रता की घाम वाळतच नाही. मुंबईच्या मे महिन्याची सवय असलेल्यालाही तासन्‌तास उघड्या बोटीत बसलं की चक्कर येते. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या आणि इलेक्ट्रालची दोन-तीन पाकिटं खिशात ठेवा.

आदल्या रात्री मद्य नको, सकाळी तर नकोच.

आदली दुपार: आमिष टांगणं

पाहुण्यांना थेट सकाळी बोलावणारे गाइड असतात. तुम्ही मात्र आदल्या दुपारी येतो असं सांगा. सगळी विद्या इथेच शिकायला मिळते.

अ‍ॅलिगेटर वावरतो कुठे ते गाइड आधी दाखवेल. काठावरच्या गवतात गुळगुळीत घसरण पडलेली असते, चिखलात शेपटीची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पावलं. पाण्यावर बारीक हिरव्या पानांचा थर असेल तर त्यात पोहत गेल्याची मोकळी वाट थोडा वेळ तशीच राहते. जागोजागी जलपर्णी दिसेल, इंद्रायणीत आणि मुळा-मुठेत माजलेली तीच. इथेही ती बाहेरूनच आलेली आहे. तिच्या गाद्यांच्या कडेला मोठे अ‍ॅलिगेटर दबा धरतात.

आकाराचा अंदाज डोक्यावरून घ्यायचा. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, अंदाजे तितके फूट पूर्ण लांबी. आठ इंच दिसले तर आठ फुटी. मादी सहसा नऊ फुटांच्या वर जात नाही. त्यापुढचा जवळजवळ नक्की नर. पाण्यात नुसतं डोकं दिसत असताना हा ठोकताळा खूप उपयोगी पडतो, पण त्यासाठी दुर्बीण आणि धीर दोन्ही लागतं.

मांडणी साधी आहे. काठावर लांब बांबू किंवा विलोची काठी तिरकी रोवतात. जाड विणलेला नायलॉनचा दोर, त्याच्या एका टोकाला शार्कसाठी वापरतात तसला मोठा गळ, आणि दुसरं टोक एखाद्या जिवंत झाडाला किंवा खोल ठोकलेल्या खुंटाला बांधलेलं. गळावर कोंबडीची तंगडी, बहुधा दोन दिवस बादलीत ठेवून वास आलेली. काठीच्या टोकाला चीर देऊन किंवा कपड्यांचा चिमटा लावून दोर त्यात हलकेच अडकवायचा, म्हणजे अ‍ॅलिगेटरने आमिष ओढलं की दोर सुटतो आणि काठीचा अडथळा न होता तो ते गिळतो.

पाण्यापासूनची उंची हा सगळ्याचा गाभा. वीतभर उंचीवर आमिष ठेवलं तर तीन फुटांचं पोरही ते ओढून नेतं. हातभर किंवा सव्वा हात उंच ठेवलं तर पाण्यातून तेवढं वर उसळण्याची ताकद असलेलाच पोहोचतो. खाली पाणी खोल असेल तर मोठ्याला उसळायला जागा मिळते. गाइड घाईत असेल तर आमिष खाली टांगतो, कारण खाली टांगलं की काहीतरी नक्की लागतं आणि पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. मी प्रत्येक वेळी म्हणतो, वर टांगा, नाही लागला तर नाही लागला. तुम्हीही हे आधी बोलून ठेवा. टॅग जितके शिल्लक, तितकेच गळ लावायचे, हेही बघा.

बांधलेली गाठ स्वतः ओढून पाहा. झाड सडकं असेल तर पहाटेपर्यंत झाड, दोर आणि गळ सगळंच गेलेलं असतं, आणि गळ गिळलेला प्राणी पाण्याखाली तडफडत राहतो.

सकाळ

धक्क्यावर अंधारातच पोहोचायचं, बोट सोडायची आणि पहिल्या गळापाशी सूर्योदयाच्या वेळेला असायचं. रोजच्या रोज सगळे गळ तपासणं हे बंधन आहे, आणि उन्हं चढण्याआधी तपासणं हे माणुसकीला धरून आहे.

लांबूनच काठीकडे बघा. तंगडी जागच्या जागी लटकत असेल तर पुढे. ती नाहीशी झालेली, दोर पाण्यात उतरलेला आणि ताठ असेल, तर खाली जनावर आहे. दोर सैल दिसला म्हणून गळ रिकामा आहे असं समजू नका; तो बोटीच्या बरोबर खाली तळाला बसलेला असू शकतो. गाइड इंजिन बंद करतो, आणि त्या क्षणापासून बोटीत एकाच माणसाचा शब्द चालतो. त्याचा. "मागे" म्हटलं की मागे, का ते नंतर विचारायचं.

दोर तुमच्या हातात आला तर दोन नियम. हाताला किंवा मनगटाला वेढा कधीही घ्यायचा नाही. आणि जमा झालेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. अ‍ॅलिगेटरने उलट ओढ दिली की तेवढ्यानेच हाताचं बोट तुटतं नाहीतर माणूस पाण्यात जातो. हळू, समान ताणाने ओढा. आधी बुडबुड्यांची माळ वर येते, मग उग्र कस्तुरीसारखा वास, मग पाण्याखाली फिकट पिवळट पोट उलटंपालटं होताना दिसतं. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दोराला पीळ बसत जातो. या वेळी ओढून धरायचं नाही. सैल सोडून दमू द्यायचं. घाईने वर आणलेला ताजातवाना अ‍ॅलिगेटर बोटीच्या कडेला जबडा घालतो. त्याच्या चाव्याचा जोर दोन हजार पौंडांच्या वर मोजला गेलेला आहे.

हात, कोपर, फोन धरलेला हात, काहीही बोटीच्या कडेबाहेर नको. फोटो नंतर.

गोळी

बहुतेक ठिकाणी .२२ मॅग्नम रायफल असते. नळीत काडतूस शेवटच्या क्षणी, गाइडने सांगितल्यावरच. तोवर नळी पाण्याकडे, माणसांपासून आणि बोटीच्या तळापासून लांब.

नेमाची जागा कवटीच्या मागच्या कडेला, बरोबर मध्यरेषेवर आहे. डोक्याचं सपाट हाड जिथे संपतं आणि मानेवरचे खवले जिथे सुरू होतात, तिथे २५ सेंटच्या नाण्याएवढा मऊ खळगा असतो. आदल्या दिवशी गाइडकडे असलेल्या एखाद्या कवटीवर ही जागा बोटाने चाचपून घ्या. पाण्यात, चिखलात आणि गडबडीत ती दिसते त्यापेक्षा हाताला जास्त लक्षात राहते. गोळी या खळग्यातून किंचित पुढे, मेंदूच्या दिशेने जायला हवी. कपाळावर मारलेली गोळी हाडावरून घसरते आणि पाण्याला लागून कुठेही उडते.

डोकं स्थिर होईपर्यंत थांबा. दोर धरणारा माणूस ते स्थिर करून देतो. पाच वेळा संधी हुकली तरी चालेल, सहाव्या वेळी मारा. एका गोळीत संपलं पाहिजे, हे आपण त्या जनावराचं देणं लागतो. मन कच्चं झालं, हात थरथरला, तर सरळ सांगा आणि रायफल गाइडकडे द्या. असं सांगणाऱ्या पाहुण्याचा तिकडे मान राखला जातो, हे मी पाहिलं आहे.

गोळीनंतर तो पाण्यातच राहू द्या. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. अ‍ॅलिगेटरच्या डोळ्यावर आतून एक पारदर्शक पडदा आडवा सरकतो. तो जरा जरी हलला तर जनावर जिवंत आहे आणि दुसरी गोळी लागणार. शेपटी आणि पाय नंतरही बराच वेळ हलतात, त्यावरून काही ठरवू नका. डोळा निश्चल झाला की अनुभवी गाइड कवटीमागे सुरी घालून मज्जारज्जू तोडतो. बघायला जड जातं, पण ते झाल्याशिवाय जनावराला बोटीत घेऊ देऊ नका. मेलेला समजून आत घेतलेला अ‍ॅलिगेटर शुद्धीवर आल्याने माणसं जखमी झालेली आहेत.

मग जबड्याला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी, तीन-चार घट्ट फेरे. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, उघडणारे मात्र कमजोर, म्हणून एवढी पट्टी पुरते.

टॅग आणि सोलणं

टॅग लगेच, त्याच जागी लावायचा. शेपटीच्या टोकाजवळ सुरीने चीर देऊन तो आरपार ओवतात आणि कुलूपबंद करतात. पुन्हा उघडत नाही. 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराखालचा हा क्रमांक त्या कातड्याची जन्मभराची ओळख असतो. टॅगचा फोटो काढून ठेवा. धक्क्यावर विभागाचा अधिकारी भेटला तर परवाना आणि टॅग दाखवायचा.

उन्हात जनावर पडून राहिलं की मांस आणि कातडं दोन्ही बिघडतं. ओली पोती टाकून झाका आणि दुपारच्या आत शेडवर पोहोचा. सोलणं कुशल माणसावर सोपवा, पण उभं राहून बघा. पाठीवरच्या हाडाळ खवल्यांच्या कडेने दोन्ही बाजूंना काप घेतात आणि पोटाचं कातडं अखंड ठेवतात, कारण किंमत पोटाच्या मऊ चौकटींना असते. आखूड पात्याची सुरी, हळू हात. एक भोक पडलं की कातड्याची प्रत उतरते. मांस-चरबी खरवडून, धुऊन, बारीक मीठ सगळीकडे चोळायचं, गुंडाळी करून थंडाव्यात ठेवायचं. ओलं झालेलं मीठ काही दिवसांनी झाडून नवं लावायचं.

मांस

शेपटीत दोन्ही बाजूंना लांब, गोल नळकांड्यासारखे पांढरे स्नायू असतात. ते सगळ्यात कोवळे. गालाचं मांसही उत्तम. बरगड्या आणि पाय चिवट, ते मंद आचेवर शिजवायचे. पिवळट चरबी आणि पांढरी झिल्ली कणभरही ठेवू नका, सगळा उग्रपणा त्यात असतो. फार मोठ्या, म्हाताऱ्या जनावरात पारा साठलेला असण्याचा संभव जास्त, म्हणून ताटासाठी सहा-सात फुटीच बरा. आमिषाची उंची ठरवताना हाही विचार करा.

तिकडचे केजन लोक याचा टोमॅटो-मिरचीचा झणझणीत सॉस पिकांत करतात, किंवा मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आमच्या घरी शेपटीचे तुकडे रेषांच्या आडवे, पातळ कापून आलं-लसूण, हळद, लिंबू, मालवणी मसाला लावून तासभर ठेवतो आणि रव्यात घोळवून सुरमईसारखे शॅलो फ्राय करतो. बरगड्यांचं सुकं, वाटपाचं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालंच पाहिजे. कच्चट ठेवायचं मांस हे नव्हे. कच्चं मांस हाताळल्यावर हात, पाट, सुरी साबणाने धुवा.

शीतपेटीत बर्फाच्या वर मांस, पाण्यात भिजणार नाही असं. प्रत्येक पुडक्यावर नाव, पत्ता, तारीख, परवाना आणि टॅग क्रमांक लिहा. राज्याची हद्द ओलांडताना वन्यजीवाच्या मांसाची कायदेशीर ओळख दाखवता आली पाहिजे.

कातडं, कवटी आणि भारत

टॅनरीतून, म्हणजे कातडं कमावणाऱ्या कारखान्यातून, कातडं यायला कित्येक महिने लागतात. त्याचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नसेल तर गाइडला विकून टाकलेलं बरं. माळ्यावर पडून वाया गेलेलं कातडं बघवत नाही. कवटी साफ करून घेणं स्वस्त पडतं आणि मुलांना दात, डोळ्यांच्या खोबण्या, नेमाची ती जागा असं सगळं नीट दाखवता येतं.

यातलं काहीही भारतात न्यायचा विचार करू नका, भावाला पट्टा किंवा वडिलांना पाकीट म्हणूनसुद्धा. भारताने जानेवारी २०१७ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटिसमधले परदेशी प्राणीही त्या कायद्याच्या कक्षेत आणले. मांसाचा तर प्रश्नच नाही. वस्तू अमेरिकेतल्या घरातच ठेवा, आणि परवान्याची प्रत, टॅगचा फोटो आणि टॅनरीची पावती एकाच फाइलमध्ये लावा. दुसऱ्या राज्यात घर हलवताना ती सामानात न घालता हातातल्या बॅगेत असू द्या.